स्वेच्छानिवृत्तीची २० वर्षं नेमकी कशी मोजतात? बिनपगारी रजा धरतात का?

तासगावची सून:
नमस्कार. राज्य शासनाच्या सांगलीतल्या एका कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. १ जून २००५ ला हजर झाले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी, त्यामुळे पेन्शन जुनीच. जन्मतारीखही १ जून, १९७८ ची. गावाकडच्या शाळेत आमच्या निम्म्या वर्गाची तीच लागलेली आहे. त्या हिशेबानं ३१ मे २०३६ ला नियमानं निवृत्त होईन.

पण तोवर मला थांबता येणार नाही. मार्चमध्ये सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. कूस बदलायलाही माणूस लागतं. मालक द्राक्षबागेत असतात, ऑक्टोबरची छाटणी लागली की त्यांना जेवायला फुरसत नसते. मी सकाळची एसटी धरते ती संध्याकाळी सातलाच घरात पाय ठेवते. मुलगी बारावीला आहे. दिवसभर आजीचं करते आणि रात्री पुस्तक घेऊन बसते. तिला तसं बसलेलं बघितलं की माझा जीव तुटतो.

म्हणून गणपतीचा रथोत्सव झाला की तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि ३१ डिसेंबरला मोकळं व्हायचं असं घरात ठरलंय. आस्थापनेवरचे म्हणतात, "२००५ ते २०२५, वीस झाली की मॅडम." माझ्या मनात मात्र शंका आहे, कारण माझी १४ महिने बिनपगारी रजा झालेली आहे. २०१३ मध्ये मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ५ महिने, वैद्यकीय प्रमाणपत्रावर. २०१६ मध्ये धाकटा आजारी होता तेव्हा ९ महिने, तिला माझ्या आजारपणाचं प्रमाणपत्र नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ऑफिसात पाणी शिरलं आणि माझं सर्व्हिस बुक चिखलात गेलं. नंतर नवीन तयार केलं त्यात बिनपगारीची एकच ओळ आहे: "असाधारण रजा, १४ महिने." कशासाठी, कोणत्या आदेशानं, काही नाही.

हे १४ महिने वीस वर्षांत धरतात का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कृष्णाकाठ, कराड:
ताई, तुम्ही नोव्हेंबरच्या अलीकडे हजर झालात हे फार बरं. आमची जाहिरात त्या तारखेच्या आधीची आणि हजर झालो २००६ मध्ये, त्यामुळे अंशदायी, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत ढकलले गेलो. मार्च २०२३ च्या संपात सात दिवस आम्हीही बसलो होतो. शेवटी २ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरनं आमच्यासारख्यांना जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प दिला, तो मी लगेच भरला. तुमच्या रजेबद्दल मला नीट माहीत नाही, पण आमच्या ऑफिसात एकानं वीस वर्षांवर घेतली, त्याला काही अडलं नाही.

लेखा-निवृत्त, सातारा:
ताई, नोटीस देऊ नका. आधी हे वाचा.

माझी उमर पेन्शनच्या फायली तपासण्यात गेली. वीस वर्षं हजर झाल्या दिवसापासून कॅलेंडरवर मोजत नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये शब्द आहे ‘अर्हताकारी सेवा’, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा. पगारी रजा त्यात येते. वैद्यकीय प्रमाणपत्रावरची असाधारण रजाही येते. प्रमाणपत्राशिवायची, तुमच्या २०१६ सारखी घरगुती कारणाची, येत नाही.

म्हणजे ३१ डिसेंबरला तुमची एकूण सेवा २० वर्षं ७ महिने, त्यातून ९ महिने गेले की उरतात १९ वर्षं १० महिने. दोन महिने कमी. तीन महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा अर्धं वर्ष धरतात हे कुणीतरी तुम्हाला सांगेल. ते पेन्शनचा हिशेब करताना. त्यावर भिस्त ठेवून नोकरी सोडू नये.

तुमची वीस भरतात २८ फेब्रुवारी २०२६ ला. १ मार्चला नोटीस दिलीत तर मेअखेर मोकळ्या. पण ते ५ महिने वैद्यकीय असल्याचं सिद्ध झालं नाही तर सगळे १४ वजा होतील, वीस भरतील ३१ जुलैला आणि मोकळ्या व्हाल ऑक्टोबरअखेर. सगळं त्या एका ओळीवर अडलंय, म्हणून आधी ती ओळ दुरुस्त करून घ्या. २०१३ चा रजा मंजुरी आदेश शोधा. घरी नसेल तर मंजुरी ज्या वरिष्ठ कार्यालयातून आली तिथली स्थळप्रत, म्हणजे त्यांच्या फायलीतली प्रत मागा, जावक रजिस्टरवरून क्रमांक सापडतो. पगारबिलं कामाची नाहीत. त्यात पगार निघाला नाही एवढंच दिसतं, का निघाला नाही ते दिसत नाही. आदेश हाती आला की सर्व्हिस बुकात दोन वेगळ्या नोंदी करून कार्यालयप्रमुखांची सही घ्या. मग ‘माझी अर्हताकारी सेवा किती झाली ते लेखी कळवावे’ असा अर्ज नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे द्या. तोंडी उत्तर घेऊ नका. केस पुढे मुंबईला महालेखापालांकडे जाणार आहे, तिथे आस्थापनेवरच्यांचा शब्द चालत नाही.

आणि अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द चुकूनही लिहू नका. राजीनाम्यानं मागची सगळी सेवा जाते. एका भल्या माणसानं घाईत तेच लिहिलं होतं. त्याची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मला काहीही करता आलं नाही, आजही ते आठवलं की झोप लागत नाही. ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहा, नियम ६६ लिहा.

वीस भरली की पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी: ४९,००० असेल तर २४,५००, वर महागाई. तोवर सासूबाईंसाठी अर्जित किंवा अर्धपगारी रजा घ्या, ती सेवेत धरतात. बिनपगारी आता एक दिवसही नको.

तासगावची सून:
काका, तुमचं वाचून रात्री ट्रंक उपसली. मणक्याच्या एक्स-रेच्या पाकिटात आदेशाची झेरॉक्स निघाली. ‘वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे’ असं स्पष्ट आहे, जावक क्रमांकही वाचता येतो. सोमवारी अर्ज देते. अर्जित रजा १८० दिवस शिल्लक आहे. त्यातली दोन महिने मागणार आहे, म्हणजे मुलीची प्रिलिम तरी नीट होईल. झेरॉक्स चालेल ना, की मूळ प्रतच लागेल?

लेखा-निवृत्त, सातारा:
नुसत्या झेरॉक्सवर नोंद करायला कुणी धजावणार नाही. त्या जावक क्रमांकावरून वरिष्ठ कार्यालयाकडून साक्षांकित प्रत मागवा. टपालावर सोडू नका, स्वतः जाऊन घेऊन या. रजेचा अर्ज मात्र सोमवारीच द्या.