मदत हवी आहे : पुणे विद्यापीठाचे सुरुवातीचे कुलसचिव

गावच्या वाचनालयासाठी पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कारभाऱ्यांवर भिंतफलक करतोय. कुलगुरू जमले: सर्वांत आधी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे गणितज्ञ रँग्लर परांजपे, इतिहासकार दत्तो वामन पोतदार, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. किती वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं!

अडलंय ते कुलसचिवांपाशी, म्हणजे रजिस्ट्रारपाशी. विद्यापीठाचं दप्तर सांभाळणारा हा माणूस, पण मी चाळलेल्या चरित्रांत त्याचा उल्लेखही नाही. वडिलांना १९६३ साली आलेल्या पत्रावर रजिस्ट्रारची झोकदार सही आहे, खालचा शिक्का मात्र पुसट, नाव लागत नाही.

मला १९४९ ते १९७० मधली नावं, कार्यकाळ आणि आधीचा पेशा एवढंच हवंय. नांदेडहून पुण्याला एकच दिवस येता येईल. त्या काळचे वार्षिक अहवाल विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्यांना बघायला मिळतात का, की आधी अर्ज करावा लागतो?