'ॲबी रोड'मधलं सहावं गाणं मध्येच का तुटतं?

कोमल_निषाद
बीटल्स या बँडची सुटी गाणी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्यांचा 'ॲबी रोड' हा अल्बम (1969) सलग ऐकला तो मागच्या रविवारी. दिवा बंद, कानाला हेडफोन. पाच गाणी छान गेली. सहावं 'आय वॉन्ट यू (शी'ज सो हेवी)'. त्याच्या शेवटी गिटारची एकच ओळ गोल गोल फिरत राहते, मागे वारं सुटल्यासारखा आवाज चढत जातो. आता काहीतरी होणार म्हणून मी श्वास रोखून बसले, आणि पावणेआठ मिनिटांच्या आसपास गाणं कचकन तुटलं. वाटलं, फाइल खराब आहे. दुसऱ्या ॲपवर लावून पाहिलं, तिथेही तेच. सावरायच्या आत 'हिअर कम्स द सन' सुरू! एवढं गोड गाणं, पण त्या क्षणी मला त्याचा राग आला. हे मुद्दाम केलंय का? आणि अल्बम थोर मानणाऱ्यांना ही जागा खटकत नाही?

जुनीसुई
मुद्दामच आहे. बीटल्समधल्या जॉन लेननने तिथे टेप कापायला सांगितली आणि इंजिनिअर जेफ एमरिकने ती कापली. वाऱ्याचा तो आवाज मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा.

पण तुम्ही ऐकलंत त्यात एक गोष्ट नव्हती. तबकडीवर हे पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. मी तेरा वर्षांचा असताना थोरल्या भावाची रेकॉर्ड त्याला न विचारता लावली होती. गाणं तुटलं तेव्हा पोटात गोळा आला. वाटलं, आपल्या हातून रेकॉर्डला चरा पडला. धावत जाऊन पाहिलं तर सुई मधल्या रिकाम्या खाचेत शांतपणे फिरत होती. खर्र... खर्र... एवढाच आवाज. मग दांडी उचलायची, दोन्ही तळव्यांत कडा धरून तबकडी उलटायची, धूळ पुसायची, सुई अलगद टेकवायची. पाऊण मिनिट तरी जातंच. तेवढ्यात छातीतली धडधड बसते. आणि मग जॉर्ज हॅरिसनची ती गिटार! तिथे राग येणं शक्यच नाही. मला तर रडू आलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे: ही शांतता अल्बमचाच भाग आहे. ॲपने ती काढून टाकली आणि आपण गाण्याला दोष देतो.

तिसरीघंटा
अगदी! सिनेमातही हेच झालंय. कुब्रिकचा '2001: अ स्पेस ओडिसी' (1968) घ्या. दोघे अंतराळवीर हॅल या कॉम्प्युटरला ऐकू जाऊ नये म्हणून बंद यानात बसून बोलतात. पडद्यावर आवाज नाही, फक्त हलणारे ओठ, एकाचे, मग दुसऱ्याचे. हॅल ओठ वाचतोय हे आपल्याला कळतं आणि नेमकं तिथेच मध्यंतर. ते भय घेऊन प्रेक्षकाने बाहेर जायचं, चार लोकांत उभं राहायचं, परत यायचं. घरी बघताना मी तिथे थांबतेच. दहा मिनिटं. बरोबर बसलेले वैतागतात, पण मी ऐकत नाही.

पायवाट७
मी थोडा वेगळा. माझ्याकडे कायम सीडीच होती, त्यामुळे वादळ कापलं जातं आणि लगेच ऊन पडतं, हाच माझा 'ॲबी रोड'. तो धक्का मला हवासा वाटतो. तुमची शांतता तुम्हाला सुईने दिली, मला मिळाली नाही, म्हणून माझं ऐकणं कमी प्रतीचं कसं?

जुनीसुई
कमी प्रतीचं नाही, माझा शब्द जास्त झाला. पण वेगळं नक्कीच आहे. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्येही (1973) क्लेअर टॉरीचा शब्दांशिवायचा तो आर्त आवाज विरतो तिथे बाजू संपते. त्यावर लगोलग पुढच्या गाण्यातला नाण्यांचा खणखणाट माझ्याने ऐकवत नाही.

कोमल_निषाद
काल रात्री करून पाहिलं. गाणं तुटताच ॲप थांबवलं, उठून खिडकीशी गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. सुरुवातीची गिटार यावेळी कुठून तरी लांबून, हळू आल्यासारखी वाटली. पहिल्यांदा ती आदळली होती. पुढची सलग जोडलेली गाणी मात्र न थांबता ऐकली. एकच शंका: सगळं संपल्यावर बऱ्याच वेळाने एक इवलंसं गाणं येतं, तेही शेवटचा सूर न लागताच थांबतं. हेही कापलंय?

जुनीसुई
'हर मॅजेस्टी', 23 सेकंदांचं. ते आधी त्या जोडगाण्यांच्या मध्ये होतं, मॅकार्टनीला तिथे आवडलं नाही म्हणून काढलं. बीटल्सचं काहीही फेकायचं नाही असा टेप सांभाळणाऱ्या मुलाला हुकूम होता, म्हणून त्याने तो तुकडा रिळाच्या शेवटी जोडून ठेवला, आणि तो तसाच राहिला. त्याच्या सुरुवातीला ऐकू येतो तो दणका मूळ जागी त्याच्या आधी असलेल्या गाण्याचा आहे. शेवटचा सूर पुढच्या गाण्याच्या सुरुवातीत गेला.




कोमल_निषाद
म्हणजे मी दिवा लावायला उठले होते तेव्हा ते वाजलं. आज परत, अंधारातच.