देव अनेक, परवानगी सिनेटची
बहुदेववादी समाजांत श्रद्धा सत्तेपासून अलिप्त होती, हे मत प्राचीन रोमच्या बाबतीत मुळीच पटत नाही. रोमचा शत्रू असलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून असताना, इ.स.पूर्व २०४ मध्ये, आशिया मायनरमधून सिबेली या मातृदेवतेची शिळा सन्मानाने आणवणाऱ्या सिनेटनेच (रोमचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या सभेनेच) इ.स.पूर्व १८६ मध्ये बॅकस या मद्यदेवतेच्या उपासनेवर कडक निर्बंध लादले. त्या हुकमाचा कांस्यपट आज व्हिएन्नात आहे आणि तो वाचताना जाणवते की, आक्षेप देवावर नसून राज्याच्या नजरेबाहेर वाढणाऱ्या संघटनेवर होता: सामाईक निधी नको, शपथांनी एकमेकांना बांधून घेणे नको. पाचांहून अधिक उपासकांना एकत्र जमायचे असल्यास प्रेटरकडे, म्हणजे रोमच्या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याकडे, जावे लागे आणि किमान शंभर सदस्य हजर असलेली सिनेट त्यावर निर्णय देई.