पट्टेरी कवड्या की मण्यार?

प्रश्न: खडकाळ माळावर दगडाखाली वीतभर लांबीचा, काळसर अंगावर पिवळट आडवे पट्टे असलेला साप दिसला. मण्यार समजून त्याला कोणी मारू नये, अशी मनापासून इच्छा आहे. तो कसा ओळखावा?

उत्तर १: वर्णनावरून तो बिनविषारी पट्टेरी कवड्या असावा. त्याचे पट्टे मानेजवळूनच सुरू होऊन शेपटीकडे अस्पष्ट होत जातात, तर मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने असणारे पट्टे सहसा डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक दिसतात. मात्र मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरील मोठे षटकोनी खवले हीच अधिक विश्वसनीय खूण आहे.

उत्तर २: सहमत आहे. कवड्या निशाचर असून पाली व सापसुरळ्या खातो. तथापि, खवले पाहण्यासाठी त्याला हाताळू नये, कारण मण्यारीचे पिल्लूही विषारीच असते. दुरून छायाचित्र घ्यावे.