तंबोऱ्याची जवारी व्हिडिओत कशी पकडायची? एडिटिंग शून्यापासून शिकायचंय

मिरजेची_तार
नमस्कार मंडळी, मिरजेत आमच्या मामांचं तंबोरे बनवायचं दुकान हाय. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे त्या गावचीच खासियत म्हणून सरकारी ओळख, मिळाल्यापासून लांबलांबचे लोक फोन करून विचारतात काम कसं चालतं, पण दाखवायला धड व्हिडिओ नाही आणि मामांच्या हाताखाली शिकणारं पोरगं पण कोण टिकंना, म्हणून मलाच सगळं शूट करून ठेवायचंय, भोपळा भिजवण्यापासून जवारी लावेपर्यंत, म्हणजे सूर गुंजावा म्हणून तारा टेकतात ती घोडी घासेपर्यंत. साधा अँड्रॉइड फोन हाय, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. अडचण अशी की दुकानातल्या ट्यूबखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात आणि तंबोऱ्याचा आवाज तर डब्यातून आल्यासारखा. कॅमेरा घेऊ का? आणि एडिटिंगला सुरुवात कुठनं करू?

कृष्णाकाठचा
ताई कॅमेऱ्यात पैसे घालू नका. पट्टे येतात ते विजेमुळं, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि फोन ऑटोवर असला की शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, बऱ्याचदा भलताच धरतो. प्रो व्हिडिओ मोड असंल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, उजेड जास्त वाटला तर १/१००. मोड नसंल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप हाय, सगळ्या फोनवर चालत नाही पण बघा टाकून. आणि खरं सांगू, सकाळी ट्यूब बंद करून मामांना दाराजवळ बसवा, बाजूनं येणाऱ्या उजेडात लाकडाच्या रेषा आणि कानशीचं काम लय छान दिसतं.

सातारी_साउंड
वरचं बरोबर हाय पण माझ्या मते तुमचा खरा विषय आवाज हाय, चित्र नंतर. जवारी म्हणजे ऐकायची गोष्ट, घोडी जराशी घासली, तारेखालचा धागा सरकवला की सूर उघडतो, तेच जर रेकॉर्ड झालं नाही तर व्हिडिओ बघून कुणाला काय कळणार? आणि इथंच फोन दगा देतो. नॉइज कॅन्सलेशन एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट समजून दाबतं, पंख्याचा असो का तंबोऱ्याचा, त्याला दोन्ही सारखेच. माईक कुठलाही घ्या, वायरलेसवाल्यांवर ते बटण असतंय, बंद करा. ऑटो गेन, म्हणजे लेव्हल आपोआप कमीजास्त होणं, ते पण बंद. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला टेकली की आवाज फाटला, तो परत नीट होत नाही. आणि लय महत्त्वाचं, जवारीच्या आधीचा आणि नंतरचा आवाज एकाच माईकनं, एकाच अंतरावरनं, लेव्हलला हात न लावता घ्या, नाहीतर फरक जवारीचा का माईकचा ते कळणारच नाही. पंखा बंद, रस्त्यावरची वर्दळ कमी असेल तेव्हा.

मिरजेची_तार
तेच होत असणार! माझ्या माईकवर ते बटण चालूच हाय. आणि एडिटिंगचं?

टाइमलाइन_सांगली
८ जीबीवर दाविंची रिझॉल्व्ह अडकणार, सॉफ्टवेअर भारी हाय पण त्याला १६ तरी लागतात. शॉटकट घ्या, फुकट हाय, आणि त्यात प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम हलक्या कॉपीवर आणि फायनल मूळ क्लिपमधनं. फोनच्या क्लिपचा फ्रेमरेट मधेच बदलत असतो, शॉटकट स्वतः विचारतं कन्व्हर्ट करू का, हो म्हणा, नाहीतर लांब क्लिपमधे आवाज आणि हात जुळत नाहीत.
कापायला बसला की आधी मामांच्या बोलण्याची आणि तंबोऱ्याच्या आवाजाची पट्टी टाका, मग वरनं हातांचे, कानशीचे, भुशाचे शॉट लावा. कट बोलण्याच्या मधेच पडला तरी बिघडत नाही, आवाज पुढच्या शॉटखाली चालू राहिला पाहिजे एवढंच. फक्त जवारीचा भाग अजिबात कापू नका, पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं, शिकणाऱ्याला तेच बघायचंय. वरनं म्युझिक तर नकोच, तंबोरा असताना कशाला?

मिरजेची_तार
मनापासून आभार. मामा म्हणतात धागा जवळनं दाखव, पण फोन अगदी जवळ नेला की धूसर होतंय.

कृष्णाकाठचा
लेन्सला ठराविक अंतराच्या आत फोकस होत नाही. मागं सरका आणि २एक्स करा, स्टँड नसंल तर फोन पाटावर टेकवून ठेवा, घोडीवर बोट दाबून फोकस लॉक करा, मामांचा हात मधे आला तरी हलणार नाही.