जि.प. शाळेत आठवड्यातून एकदा गणित शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

निवांतनाना:
मंडळी, बँकेतली नोकरी संपवून भोर तालुक्यात गावी राहायला आलोय. घरासमोर जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, दोन शिक्षक. पोरांना गणित शिकवायची हौस आहे. डी.एड., बी.एड. काही नाही. परवानगी कोण देतं? आणि चौथीला काय घेऊ? सरळव्याज, नफा-तोटा डोक्यात आहे.

सह्याद्रीचा_वारा:
केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. सरकारी आणि अनुदानित शाळा आपली गरज तिथे टाकतात, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. तुमची शाळा त्यावर आहे का बघा.

खडूवाली:
नाना, पोर्टल नंतर. आधी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. ते शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेतील. समितीत पाऊण सभासद पालकच असतात, त्यामुळे तुम्ही कोण, कशाला येता हे गावाला आपोआप कळतं. मी स्वतः द्विशिक्षकी शाळेवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरळव्याज राहू द्या हो. फळ्यावर 52 वजा 28 लिहा. काही पोरं छातीठोकपणे 36 सांगतील. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन! मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच डोक्यात बसलेलं. वर कोण, खाली कोण याच्याशी देणंघेणं नाही. तिथे "अरे, दशक उसना घे" म्हणून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. खराट्याच्या काड्या तोडा, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पोराच्या हातात द्या, आणि अठ्ठावीस मागा. आठ सुट्या द्यायची वेळ आली की ते थांबतं, तुमच्याकडे बघतं. बघू द्या. रबर त्यानेच काढायचं, तुम्ही नाही. वही त्यानंतर.

वार आणि तास एकच ठरवा. मागे पडलेली पाच-सहा मुलं कोणती ते गुरुजींना विचारा आणि तेवढीच घेऊन व्हरांड्यात बसा. हुशार पोरं पुढे पुढे करतील, त्यांच्या नादी लागू नका. चॉकलेटं नकोत, मुलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर नकोत. छडीला तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे. (आमच्या पिढीला हे सांगावं लागतं!)

तिरकस:
फुकट माणूस मिळाला की सरकार रिकामी पदं कशाला भरेल?

खडूवाली:
शंका रास्त आहे. म्हणूनच नानांनी वर्ग सांभाळायचा नाही. एक गुरुजी मीटिंगला, दुसरे ऑनलाइन माहिती भरायला आणि चारही वर्ग नानांच्या गळ्यात, असं एकदा झालं की तीच पद्धत पडते. नाना, पहिल्या भेटीतच सांगा: शिक्षक वर्गात असतील तेव्हाच मी येणार. भरतीसाठी भांडायचं ते आम्ही भांडतोच.

निवांतनाना:
52 वजा 28 पुण्याच्या नातवाला फोनवर घातलं. इंग्रजी शाळेत तिसरीला आहे. 36 च म्हणाला! खराटा आणलाय, सोमवारी मुख्याध्यापकांना भेटतो. पण रबर कशाला, सुतळी नको का? पोरं रबर ताणून एकमेकांना मारतील.

खडूवाली:
मारणारच. पण सुतळीची गाठ सोडण्यातच तास जातो. रबरच घ्या, निघताना मोजून परत घ्या.