मदत हवी आहे: ‘फाइन’ म्हणजे होकार की नकार, हे वर्गात कसे समजावावे?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला इतवारीच्या सराफा ओळीत एका पेढीचा हिशेब सांभाळतो आणि संध्याकाळी, मराठी माध्यमातून शिकून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी इंग्रजी संभाषणाचा छोटा वर्ग चालवतो. सध्या आमचे गाडे ‘फाइन’ या एका शब्दापाशी अडले आहे.

वर्गातील एक मुलगा मिहानमधील एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम करतो. त्याने एका ग्राहकाला जादा सेवा हवी आहे का, असे विचारले तेव्हा उत्तर आले, “आय अ‍ॅम फाइन, थँक यू.” मुलाने तो होकार समजून दर सांगायला सुरुवात केली, ग्राहक वैतागला आणि नंतर ते संभाषण ऐकून वरिष्ठांनी मुलाला समज दिली. त्याचा मला प्रश्न असा, की ‘फाइन’ म्हणजे छान, तर मग तो माणूस रागावला कशाला? मला वाटते, त्यात आपल्या पंगतीच्या सवयीचाही भाग असावा. पाहुणा पहिल्यांदा “नको” म्हणाला तरी तो संकोच समजून आपण वाढतच राहतो.

नामाचे अर्थ सोपे आहेत. वाचनालयाचे पुस्तक उशिरा परत केले की फाइन भरावा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. दंडाचा ‘फाइन’ आणि उत्तमतेचा ‘फाइन’ हे दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे ‘शेवट’ या अर्थाच्या लॅटिन ‘फिनिस’पर्यंत जातात, म्हणजे एकात रक्कम देऊन प्रकरण संपवणे आहे आणि दुसऱ्यात वस्तू पूर्णत्वाला नेणे आहे, हे सांगितल्यावर मुलांना गंमत वाटली. आमच्या धंद्यात तर हा शब्द रोजचाच आहे: २२ कॅरेटचा, ९१६ हॉलमार्कचा दहा ग्रॅमचा दागिना असेल तर त्यात ‘फाइन’ ९.१६ ग्रॅम, म्हणजे तेवढे शुद्ध सोने. क्रिकेटमधील ‘फाइन लेग’ ही क्षेत्ररक्षकाची जागा समजावताना नागपूरचे जामठ्याचे मैदान कामी आले, कारण तिथे ‘फाइन’ म्हणजे दोन्ही टोकांच्या यष्ट्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेच्या अधिक जवळ आणि त्याच्या उलट ‘स्क्वेअर’.

खरी अडचण विशेषणाची आहे. ‘अ फाइन टीचर’ म्हटले की उत्तम शिक्षक, पण ‘द टीचर इज फाइन’ म्हटले की शिक्षक बरे आहेत, मग ते प्रकृतीने असोत की शिकवण्यात चालण्यासारखे असोत. तसेच ‘अ फाइन मील’ ही मनापासूनची दाद आहे, परंतु जेवण कसे झाले या प्रश्नावर ‘इट वॉज फाइन’ एवढेच उत्तर आले तर स्वयंपाक करणाऱ्याने फार खूश होऊ नये. यावरून मी असा नियम सांगतो, की शब्द नामाच्या आधी आला तर उत्तम किंवा बारीक आणि क्रियापदानंतर आला तर बरे, पुरेसे, चालेल. मात्र ‘द थ्रेड इज व्हेरी फाइन’ या वाक्यात क्रियापदानंतर येऊनही तो बारीकच राहतो, आणि तिथे माझा नियम लंगडा पडतो.

होकार-नकारासाठी मी कर्ता पाहायला सांगतो. पाच वाजता भेटू या का, या प्रश्नावर ‘दॅट इज फाइन’ म्हणजे चालेल. आणखी चहा हवा का, यावर ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणजे नको, राहू द्या. पण ‘आय अ‍ॅम फाइन विथ दॅट’ असे कोणी म्हटले की केवळ ‘विथ’ जोडल्यामुळे नकाराची संमती होते. नुसते ‘फाइन’ एवढेच तुटकपणे लिहून आले, तर ती संमती असली तरी नाराजीने दिलेली असू शकते, जसे आपण “बरं, कर तुला हवं तसं” म्हणतो.

जाणकारांकडून मला पुढील बाबतींत मदत हवी आहे. कर्त्यावरून अर्थ ओळखण्याचा हा नियम शिकवण्याइतका भरवशाचा आहे का, की ग्राहकाने आधीच्या प्रश्नात काय ऐकले यावरच भर द्यावा? फोनवर शंका आली तर या मुलांनी उद्धट न वाटता खात्री कशी करून घ्यावी? मी सध्या “सो यू डोन्ट नीड इट टुडे, इज दॅट राइट?” हे वाक्य दिले आहे, त्याहून सौम्य काही असेल तर सुचवावे. शिवाय प्रकृती विचारल्यावर आमची मुले “आय अ‍ॅम व्हेरी फाइन” म्हणतात. माझ्या कानाला ते खटकते आणि मी ‘व्हेरी वेल’ म्हणायला लावतो, पण त्यामागचे कारण मला नीट मांडता येत नाही. ग्राहकसेवेत प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी आपल्या कानावर आलेली वाक्ये प्रसंगासह लिहिली, तर ती थेट वर्गात वापरता येतील.